मिल्काबाई, पायगतीला उभी राहून

पहिल्या दिवशी तुम्ही मला रोग्याला हात लावू दिला नव्हतात, मिल्काबाई.

मी नेऱ्याहून उजाडता उजाडता निघून पनवेलच्या दवाखान्यात चालत आले होते. अंगावरचं पांढरं लुगडं शेजारणीचं होतं आणि मनात एकच होतं, की आज आपल्याला नाडी बघायला शिकवणार. तुम्ही मला पुरुषांच्या वॉर्डात नेलंत, सहाव्या खाटेच्या पायगतीला उभं केलंत आणि म्हणालात, "बघ."

"काय बघू?"

"दिसेल ते. हात मागे घे."

खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, "म्हातारे हायत."

"ते त्यांनाही माहीत आहे. अजून?"

मला अजून काही दिसेना. मग तुम्ही माझ्या कानाशी येऊन एकेक गोष्ट दाखवलीत. पाठीशी तीन उशा आहेत, तरी ते टेकलेले नाहीत, गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकलेत. चार शब्द बोलतात आणि श्वास घेतात. ओठ जांभळट आहेत. सरळ बसूनही मानेतली शीर जबड्यापर्यंत भरलेली आहे. पाय खाटेवरून खाली सोडलेत आणि घोट्याची कातडी चकाकतेय. "आता सांग, यांना काय होतंय?"

"धाप लागते. आडवं पडवत नाय."

"झालं तर. हात न लावताच कळलं ना? आता हात लाव."

मग नडगीवर अंगठा दाबून धरायला शिकवलंत, मनात पाच म्हणेपर्यंत. अंगठा काढल्यावर तिथे खड्डा राहतो का, राहिला तर किती वेळाने भरतो. त्या म्हाताऱ्यांच्या पायावर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका वेळ राहिला की मीच घाबरले. मला वाटलं, मी काहीतरी बिघडवलं.

तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले. डॉक्टरांनी दवाखान्याच्या फळ्यावर लावायला माझ्याकडे चार ओळी मागितल्या. जन्म कुठला, शिक्षण कुठे, नोकरी किती वर्षं. त्या मी लिहून दिल्या. वाचून बघितल्या तर त्यात तुम्ही कुठेच नव्हता. म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे. कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही आधी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं असतंत.

माझं 'हाय-नाय' मात्र तुम्ही कधीच सुधारलं नाहीत. मीच लाजून शहरातल्यांसारखं बोलायला लागले, तेव्हा उलट रागावलात. "रोग्यांशी तुझ्या बोलीतच बोल. माझ्याशी ते दबून बोलतात. तुला खरं सांगतील." आणि प्रश्न कसा विचारायचा तेही शिकवलंत. धाप लागते का, असं विचारायचं नाही. सगळे नाहीच म्हणतात, मिठागरावर काम करणारा माणूस तर हमखास. विचारायचं, विहिरीवर जाताना कुठे टेकता? देवळाची चढण एका दमात होते का? गेल्या भातकापणीला होत होती का? माणूस स्वतःबद्दल खोटं सांगतो, पण वाटेबद्दल सहसा सांगत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

शेवटी नाडी. तीही एकटीने नाही, दोघींनी. एकीने मनगटावर तीन बोटं ठेवायची, दुसरीने छातीवर डाव्या बाजूला, हृदयाचं टोक जिथे आपटतं तिथे नळी लावायची. घड्याळ मध्ये. "लाग" म्हटलं की दोघींनी एकाच वेळी मोजायला लागायचं, पूर्ण एक मिनिट. ठोके बिघडलेले असले तर छातीवर जास्त लागतात आणि मनगटावर कमी पोचतात. दोन्ही आकडे लिहायचे. ज्यांना डिजिटॅलिस, हृदयाचं औषध, चालू आहे त्यांचे तर गोळी देण्याआधी रोज. छातीचे ठोके साठाच्या खाली गेले, किंवा रोग्याला उमासे येऊ लागले, पिवळं दिसू लागलं, तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. मला हे सगळं पाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

तरी गोमाच्या बाबतीत मी चुकले.

त्या गोष्टीवर आपण पुढे कधी नीट बोललोच नाही. तुम्ही तुमच्या जागी ठाम होता, मी माझ्या. आज मी एकटीच बोलते, तुम्ही ऐका.

शनिवार होता. शनिवारी तुमचा शब्बाथ, यहुदी धर्मातला विश्रांतीचा वार, तुम्ही ड्यूटी घ्यायचा नाहीत. त्याच्या बदल्यात माझ्या गणपतीच्या आणि दिवाळीच्या सगळ्या ड्यूट्या तुमच्या. खाडीकाठच्या मिठागरावरचा गोमा आठ दिवसांपासून आपल्याकडे होता. पायांची सूज उतरली होती, धाप कमी झाली होती, डिजिटॅलिस चालू होतं. सकाळी मी औषधं द्यायला गेले तेव्हा त्याची बायको जवळ बसली होती. ती म्हणाली, "शिस्टरबाय, कालपासना याना पेजपन नको झालीय. वास आला का उमासा येतंय. आनि ही भिंत हळदीवानी दिसतंय म्हनतान."

मी म्हटलं, "बघते हं." आणि बघितलं नाही. वॉर्डात मी एकटीच होते, बाळंतिणीच्या खोलीतून हाका येत होत्या. गोमाच्या मनगटावर बोटं ठेवली, पाव मिनिटात सोळा लागले, चारने गुणले. चौसष्ट. नळी गळ्यातच होती, पण छातीला लावली नाही. केसपेपरवर दोन्ही रकान्यांत चौसष्ट लिहिलं आणि गोळी दिली.

शनिवार मावळल्यावर तुम्ही आलात. नेहमीसारख्या पायगतीला उभ्या राहिलात. गोमा भिंतीकडे तोंड करून पडला होता, अंगाला घाम होता, ताटलीतली पेज तशीच होती.

"सकाळी किती होती?"

"चौसष्ट."

"छातीवर?"

"चौसष्ट."

"पूर्ण मिनिट?"

मी नळी गळ्यातून काढून तुमच्यापुढे धरली. तुम्ही नळी छातीवर ठेवलीत, माझी बोटं उचलून त्याच्या मनगटावर ठेवलीत आणि म्हणालात, "लाग." मिनिट संपलं तेव्हा माझे एक्केचाळीस झाले होते, तुमचे ब्याऐंशी. तुम्ही नळी माझ्या कानाला लावलीत. "ऐक. एक ठोका, त्याच्या पाठोपाठ दुसरा हलका, मग थांबा. तो दुसरा मनगटापर्यंत पोचतच नाही. औषध चढलंय याला."

डॉक्टरांना बोलावणं पाठवून तुम्ही केसपेपर माझ्यापुढे ठेवलात. "लिही. सकाळी छातीवरचे ठोके मोजले नव्हते."

"मिल्काबाई, मला काढून टाकतील. घरी आई आहे माझी."

"टाकतीलही."

"तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे?"

"डॉक्टर येऊन हा कागद वाचतील. सकाळी चौसष्ट होते असं धरून चालतील. मग चुकतील. लिही."

मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की तुम्ही मला ते खाली पुन्हा लिहायला लावलंत. डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं, गोळ्या थांबवल्या. गोमा दोन दिवस वाईट होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून पेज मागितली. मला काढलं नाही. पण महिनाभर रोज सकाळी वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी एक पूर्ण मिनिट नाडी मोजायची शिक्षा झाली, आणि शेजारी घड्याळ घेऊन तुम्ही.

मी त्यानंतर सहा महिने तुमच्याशी कामापुरतंच बोलले. मला वाटत होतं, माझी चूक तुम्ही मला एकटीला सांगायला हवी होती, सगळ्या दवाखान्याला नव्हे. आजही मला तसं थोडं वाटतं. लाज माणसाला शिकवते हे खरं, पण तेवीस वर्षांच्या पोरीला ती इतकी एका घोटात पाजायची का? तुम्ही यावर एकदाच बोललात. म्हणालात, "त्या दिवशी मी झाकलं असतं तर पुढे तुझा एकही आकडा मला खरा वाटला नसता. मला तुझ्याबरोबर खूप वर्षं मोजायचं होतं, सुशी."

माझा राग गेला तो आई आजारी पडली तेव्हा. रविवारी तुम्ही तिला बघायला नेऱ्याला आलात, बांधाबांधाने चालत. वाटेत तीनदा थांबलात. म्हणालात, प्रबळगड इथून किती छान दिसतो. मला आमच्या गावाचं कौतुक झालं म्हणून बरं वाटलं.

तुमचे भाऊ, आरोनभाऊ, इस्राएलला जायचं म्हणू लागले ते आण्यांच्या जागी नवे पैसे आले त्या साली. तुमच्या आळीतली घरं एकेक करून रिकामी होत होती. इस्राएलला गेलेल्यांची पत्रं यायची, ती दर रविवारी आळीत मोठ्याने वाचली जायची. आरोनभाऊ भातगिरणीत मिस्त्री होते. तिकडे यंत्राच्या कामाला मागणी आहे, मुलींना शिकता येईल, असं त्यांनी मनाने पक्कं केलं होतं. तुम्ही त्यांच्या घरातल्याच. त्यांच्या मुलींच्या वेण्या तुम्ही घातलेल्या. तुम्ही येणार हे त्यांनी विचारलंही नव्हतं, धरलंच होतं. आणि तुम्ही म्हणालात, मला नाही यायचं.

एके दुपारी ते दवाखान्यात माझ्याकडे आले. गिरणीतूनच आले होते, केसांत भाताचा कोंडा होता. "सुशीलाबाई, तुम्ही सांगून बघा तिला. कारण विचारलं तर म्हणते, पनवेल सोडवत नाही. पनवेल काय आहे एवढं? तुमचं ऐकेल ती."

मी म्हटलं, "त्यांची मर्जी. मी काय सांगू?"

मिल्काबाई, मी त्यांना हे म्हटलं आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही गेलात तर मी नोकरी सोडीन." तुम्ही हसून म्हणालात, "सोडून जाशील कुठे?" पण मी थट्टेने बोलले नव्हते. तुम्ही जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि तुम्ही थांबलात तेव्हा मला आनंद झाला. तुमच्या भावाचा चेहरा पडलेला बघूनही झाला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

ते गेले त्या सकाळी तुम्ही एस्टी स्टँडवर गेला नाहीत. मी गेले. धाकटी मुलगी खिडकीतून तुम्हाला शोधत होती. आरोनभाऊ मला म्हणाले, "सांगा तिला, माणसांपेक्षा खाटा जवळच्या झाल्या." मी परत आले तर तुम्ही चौथ्या खाटेपाशी नळी लावून उभ्या होता. मी निरोप दिला. तुम्ही बोट वर केलंत, थांब म्हणून. मिनिट पूर्ण केलंत, आकडा लिहिलात, मग म्हणालात, "ऐकलं मी." मी मूर्ख. मी गावभर सांगत फिरले की बघा, कर्तव्य म्हणजे काय ते मिल्काबाईंकडून शिकावं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मला दिसायला लागलं. तुम्हीच डोळे दिले होते. घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत तुम्ही कासाराच्या दुकानाशी थांबायचात आणि बांगड्या बघायचात. हातात तर कधी दोन काचेच्या बांगड्यांपलीकडे काही नसायचं. पुढे पिठाच्या गिरणीशी थांबायला लागलात. संध्याकाळी कोरडा खोकला. गालांवर लाली, ती आधी मला तब्येत सुधारल्याची वाटली होती. दवाखान्याच्या कपाटातून तुम्ही एक उशी घरी नेलीत, मग अजून एक. एक दिवस चपला काढून बसला होता, तेव्हा पायावर पट्ट्यांचे वळ खोल उठलेले दिसले.

दुपारच्या वेळी वॉर्ड झोपला होता. मी तुमच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "मिल्काबाई, घरापासून तळ्यापर्यंत कुठे न टेकता जाता का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खूप हसलात, इतकं की खोकला आला. "माझाच प्रश्न मला विचारतेस?"

"सांगा."

"गेल्या वर्षी जात होते."

मी नळी काढली. तुम्ही आधी नाही म्हणालात, मग पदर बाजूला केलात. मी ऐकलं. पहिला ठोका टाळी दिल्यासारखा, दुसरा, आणि मग मध्ये जी शांतता असायला हवी तिथे एक लांब, खालच्या पट्टीतली घरघर. डॉक्टरांनी आपल्याला एका रोग्याच्या छातीवर ऐकवली होती तशीच. हृदयातली झडप आवळून गेलेली.

"कधीपासून?"

"ट्रेनिंगपासून."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. मुंबईला शिकत असताना तुम्ही मुली एकमेकींच्या छातीवर नळी ठेवून ठोके मोजायला शिकायचात. तुमच्या जोडीदारणीने तुमचे ऐकले आणि तिचा चेहरा बदलला. तुम्ही तिच्या कानातून नळी काढून स्वतःच्या कानाला लावलीत. एकोणीस वर्षांच्या होता. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तीन महिने अंथरुणाला होता, त्याचं हे राहून गेलेलं. ती मुलगी मेट्रनला सांगायला निघाली होती, तुम्ही तिचे पाय धरलेत. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं. तिने सांगितलं नाही.

"आणि आरोनभाऊंना?"

"जायच्या कागदांबरोबर डॉक्टरी तपासणी होती. तिथे पहिल्या नळीला कळलं असतं. मग आरोन गेला नसता. मला सोडून तो गेला नसता, मी ओळखते त्याला. त्याच्या मुली इथेच राहिल्या असत्या, माझं पथ्य सांभाळत. त्यापेक्षा चिडून गेला ते बरं."

मला राग आला. इतका की मी उभी राहिले. "माझ्याकडून केसपेपरवर लिहून घेतलंत तुम्ही. सगळ्या दवाखान्यासमोर. आणि स्वतःचं वीस वर्षं झाकून ठेवलंत?"

"ते रोग्याचं होतं, सुशी. हे माझं आहे."

"तुम्ही रोगी नाही का?"

तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, बाराव्या खाटेची पट्टी बदलायची राहिलीय. आपलं भांडण तिथेच राहिलं. मी पुढे पाच-सहा वेळा तरी ते काढलं, कधी रागाने, कधी विनवून. आरोनभाऊंना मी लिहिते, असं म्हटलं. तुम्ही दरवेळी "नाही" एवढंच म्हणालात, आणि मला स्वतःची शपथ घातलीत.

डॉक्टरांना मात्र सांगू दिलंत. त्यांनी आपल्याला मुंबईला पाठवलं. त्या मोठ्या इस्पितळात आता आवळलेली झडप बोटाने उघडतात, असं ते म्हणाले होते. एस्टीने ठाण्यावरून जायला आपल्याला अर्धा दिवस लागला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला खूप वेळ तपासलं. तुम्हाला बाहेर बसवून मला सांगितलं, दहा वर्षं आधी आणायला हवं होतं. फुप्फुसांवर फार ताण आलाय, आता टेबलावर घेणं धोक्याचं. मी बाहेर आले.  तुम्ही माझ्याकडे, पायगतीला उभं राहून बघावं तसं बघितलंत आणि म्हणालात, "नाही म्हणाले ना? चल. इथली लिफ्ट छान आहे, अजून एकदा बसू या."

आपण खरंच पुन्हा वर गेलो आणि खाली आलो. लिफ्टवाला आपल्याकडे बघत होता.

त्यानंतरची चार वर्षं मला मिळाली. आरोनभाऊंच्या वाट्यातून तोडून मिळाली, हे मला माहीत होतं, तरी मी ती घेतली. तुम्ही बसून करायची कामं घेतलीत. रोज सकाळी ड्यूटीच्या आधी मी तुमच्या घरी यायचे. दाराच्या चौकटीवरच्या, आत प्रार्थनेचा कागद असलेल्या त्या छोट्या डबीला हात लावून तुम्ही दार उघडायचात आणि खुर्चीत बसायचात. पाय, मान, नडगी, मनगट, छाती. तुम्ही शिकवल्या त्याच क्रमाने. मनगट तुमचं तुम्हीच धरायचात, छाती मी ऐकायचे, घड्याळ पाटावर. दोघींचे आकडे कधी जुळायचे नाहीत. तुमचे कमी, माझे जास्त. तुम्ही म्हणायचात, "घाई करतेस." मी म्हणायचे, "तुमचंच हृदय घाई करतंय." मग नारळाच्या दुधातली तुमची ती खीर, ती मला कधी जमली नाही. तुम्ही कृती सांगायचात आणि त्यात दरवेळी काहीतरी वेगळं निघायचं.

वर्षाला दोनदा आरोनभाऊंचं पत्र यायचं. त्यात मुलींचं, कामाचं, उन्हाचं असायचं आणि शेवटी एकच ओळ, आता तरी ये. तुम्ही पत्र वाचून घडी करून ठेवायचात. गेल्या उन्हाळ्यात एकदा घडी करता करता मला म्हणालात, "तिकडे पण समुद्र आहे म्हणे. कसा असेल गं? आपल्या करंजा बंदरासारखा? सुकटीचा वास येत असेल का?"

"मला काय माहीत."

"मला बघायचा होता." एवढंच बोललात. मग चहा टाकायला उठलात.

शेवटचे पाच दिवस तुम्ही आपल्याच वॉर्डात होता, खिडकीकडच्या खाटेवर. सूज पोटापर्यंत आली होती. गोमाची बायको भेटून गेली. गोमा आता नाही, पण ती दर साली मिठाची पुडी घेऊन यायची. ती तुमच्या उशाशी बसून म्हणाली, "शिस्टरबाय, तुमी कदी आजारी पडत नाय, आसा आमी समजत होतो." तुम्ही तिला खुणेने सांगितलंत, मी पण.

त्या सकाळी मी पायगतीला उभी राहिले. चार उशा. ओठ. मान. बोटांची नखं. मला दिसत होतं ते सगळं. हात लावायची गरज नव्हती, तरी मी तीन बोटं मनगटावर ठेवली आणि पूर्ण मिनिट मोजलं. त्यात कसला मेळ नव्हता. एकशे छत्तीसपर्यंत पोचले आणि पुढचे निसटले.

तुम्ही डोळ्यांनी विचारलंत, किती?

मी म्हटलं, "शंभराच्या आत आहे."

तुमची दुसऱ्या हाताची बोटं गळ्याच्या शिरेवर होती. मला ती दिसलीच नव्हती. तुम्ही ओठ हलवलेत. "खोटं." आणि हसलात. रागावला नाहीत. मी त्या कागदावर खरा आकडा लिहिला. मग तुमचा हात धरून बसले, आणि पहिल्यांदाच मोजलं नाही. खिडकीतून भाजीवाल्यांचा आवाज येत होता. तासाभराने तुम्ही उशी थोडी वर करायला सांगितलीत. मी केली. तुम्ही बरं म्हणालात. त्यानंतर काही बोलला नाहीत.

शब्बाथ लागायच्या आत तुमच्या आळीतल्या राहिलेल्या चार घरांनी तुमचं सगळं केलं. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला पेणहून माणसं आणावी लागली. मी कबरस्तानाच्या फाटकाशी थांबले होते.

आरोनभाऊंना तार कुणी करायची यावर आळीत बोलणं झालं. मी म्हटलं, मी लिहिते. तार करून 'गेली' एवढंच कळवायला माझं मन होईना. पण लिहायला बसले की तुमची शपथ आडवी यायची. हृदयाचं लिहायचं नाही, तर काय लिहायचं? ताप आला आणि गेल्या? चार दिवस कागद कोराच राहिला.

काल पोस्टमनने तुमच्या नावचं पत्र दवाखान्यात आणून दिलं. तुमच्या घराला कुलूप बघून इकडे आला. मी ते फोडलं, मिल्काबाई. आरोनभाऊंनी ते तुम्ही असताना टाकलेलं होतं. लिहिलंय, थोरलीचं लग्न ठरतंय, आता तरी ये. नवी जागा घेतली, मुद्दाम तळमजल्यावरची घेतली. पुढे असं आहे: "पनवेलला तू कधी माळ्यावर चढली नाहीस, गच्चीत पापड घालायलाही नाही. मी तुला आळशी म्हणायचो. इथे येऊन पुष्कळ वर्षांनी एक दिवस कामावर असताना अचानक मनात आलं की तू आळशी नव्हतीस. काय होतं ते विचारणार नाही. फक्त ये. इथे एकही पायरी नाही."

मी ते तीनदा वाचलं. त्यांना किती कळलं होतं आणि कधीपासून, हे मला सांगता येत नाही. पण साता समुद्रांपलीकडे एक माणूस तुमच्यासाठी पायऱ्या नसलेलं घर शोधत फिरला, आणि ते तुम्हाला कळायच्या आत तुम्ही गेलात.

तेव्हा तुमची शपथ मी मोडते आहे. सगळं लिहिणार आहे, ट्रेनिंगपासून मुंबईच्या त्या लिफ्टपर्यंत. मी त्यांना त्या दुपारी काय म्हटलं आणि तुम्हाला संध्याकाळी काय, तेही. ते माझ्यावर रागावले तर ते त्यांचं खरंच आहे. कागद पुढे घेतला आहे. पहिली ओळ लिहून झाली:

"आरोनभाऊ, मिल्काबाईंना यायचं होतं."